एक वाजून दहा मिनिटांचा खड्डा

“आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मला, मॅडम. चोराची मानगूट धरून त्याला तुमच्या टेबलापुढे उभा केला नाही, तर नावाचा भाऊसाहेब नाही!”

एवढं बोलून भाऊसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. शाईचा पॅड टुणकन उडाला आणि मॅडमच्या चहात पडता पडता वाचला.

आता खरं सांगायचं तर ते नावाचे भाऊसाहेब नव्हतेच. पण जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं काढून हेडक्लार्क झाल्यावर त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुठे शिल्लक राहिलं नव्हतं. त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, घरी. ते दोन वर्षांपूर्वी गेलं. ती नोंदही भाऊसाहेबांनीच केली. खबर देणारा म्हणून त्यांची सही, नोंद घेणारा म्हणूनही त्यांचीच! एका पानावर दोन सह्या, आणि शुद्धलेखनाची चूक एकही नाही.

तर चोरी. चोरीला काय गेलं होतं? ऊन!

हसू नका. पाच महिन्यांपूर्वी या तीनमजली ऑफिसच्या गच्चीवर सौर पॅनेल बसली. त्याआधी इथे वीज अशी जायची की बाळाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा राहिलेला बाप आपला नंबर येईपर्यंत बाळाला चालताना बघेल! आता पंखे गरगर फिरत होते, प्रिंटर न अडखळता दाखले ओकत होता आणि खालच्या हॉलमध्ये भिंतीवर एक मोठा पडदा लागला होता. आज किती वीज तयार झाली, ते त्यावर रेघेने दिसायचं. सकाळी चढ, दुपारी माथा, संध्याकाळी उतार. लहान मुलाने काढलेल्या डोंगरासारखी गोंडस रेघ. मॅडम तो पडदा स्वतःच्या रुमालाने पुसायच्या.

पण गेले चार महिने त्या डोंगराला खड्डा पडत होता. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी रेघ धाडकन खाली, एक पन्नासला पुन्हा वर. जणू कोणीतरी डोंगराचा घास घेतलाय!

पॅनेल बसवणाऱ्या कंपनीची इंजिनिअरबाई तीनदा येऊन गेली. जाडजूड बूट, केसांत खोवलेली पेन्सिल, आणि बोलणं हातोडीने खिळा ठोकल्यासारखं.

“वायरिंग ठीक आहे, यंत्र ठीक आहे,” ती म्हणाली. “दोष गच्चीवर आहे. रोज त्या वेळी तिथे काहीतरी येतंय. रविवारी खड्डा नाही. सुट्टीला नाही. आणि बुधवारी सगळ्यात खोल!”

“म्हणजे ऊनचोर आपल्या ऑफिसच्या कॅलेंडरप्रमाणे चालतो?” मॅडम म्हणाल्या.

“तसंच दिसतंय.”

प्रकरण साधं नव्हतं. वरच्या ऑफिसने ही इमारत नमुना म्हणून धरली होती. इथे नीट चाललं तर सरकारी दवाखान्यावर आणि चार शाळांवर पॅनेल चढणार होती. खड्ड्याचा खुलासा झाला नाही, तर सगळंच बासनात! थोरले साहेब स्वतः पाहणीला येणार होते. म्हणून मॅडमनी बैठक बोलावली आणि म्हणून भाऊसाहेबांनी ती मूठ आपटली.

“पण भाऊसाहेब,” मॅडम म्हणाल्या, “एक ते दोन तुम्ही तर घरी जेवायला जाता. चोर पकडणार कसा?”

“चोर पकडायला चोरीच्या वेळी हजर असावं लागत नाही, मॅडम. डोकं हजर असावं लागतं!”

टायपिस्टताईंनी मान डोलावली. शिपाईमामांनी जांभई दिली. बैठक संपली.

आता वाचकहो, एक गोष्ट मी तुमच्या कानात सांगतो. ऑफिसात ती कोणालाच ठाऊक नव्हती. भाऊसाहेब दुपारी घरी जात नसत!

पूर्वी ते सगळ्यांबरोबर खालच्या खोलीत जेवायचे. पण बायको गेल्यानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः केलेला डबा उघडला, आणि टेबलाभोवतीची चार माणसं एकदम गप्प झाली. भाजी एका बाजूने कच्ची होती, दुसऱ्या बाजूने कोळसा. मग सुरू झालं! टायपिस्टताईंनी आपल्या डब्यातलं वाढलं. मामांनी वाढलं. मॅडमनीसुद्धा चमचाभर वाढलं. “घ्या हो भाऊसाहेब, लाजू नका.” आणि वर ती नजर. पावसात भिजलेल्या कुत्र्याकडे बघावं तशी. रोज! महिनाभरात भाऊसाहेबांचं वजन वाढलं आणि जीव नकोसा झाला. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, “डॉक्टरांनी सांगितलंय, घरी जाऊन ताजं जेवा.”

तेव्हापासून रोज एक वाजता ते पिशवी उचलून “निघतो हं!” म्हणत पुढच्या दाराने बाहेर पडायचे. इमारतीला वळसा घालायचे, मागच्या दाराने रेकॉर्ड रूममध्ये शिरायचे आणि मागच्या जिन्याने गच्चीवर. आपल्या खुर्चीपासून सरळ तीन मजले वर जायला माणूस दहा मिनिटं चालत होता! गच्चीची एक किल्ली मामांकडे असायची. दुसरी दोन वर्षांपूर्वी हरवल्याची नोंद रजिस्टरमध्ये होती. अक्षर अर्थातच भाऊसाहेबांचं.

गच्चीवर डबा खाताना कोणी वाढत नव्हतं. कोणी बघतही नव्हतं. सुरुवातीला हायसं वाटलं. मग नुसतंच शांत वाटायला लागलं. मग त्या शांततेत स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आणि मग आली पॅनेल! काळीभोर, गुळगुळीत, तिरकी, दुपारी तव्यासारखी तापलेली. भाऊसाहेबांचं घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. तिथे ऊन चुकूनही फिरकत नसे. कपडे चार चार दिवस दमट राहायचे, त्यांना कुबट वास यायचा, आणि हा वास येतोय असं सांगायलाही घरात कोणी नव्हतं. बसमध्ये बाजूची बाई उठून दुसरीकडे बसली, तेव्हा त्यांना कळलं. एका दुपारी त्यांनी भीत भीत एक ओला रुमाल पॅनेलवर पसरला. अकरा मिनिटांत कडक! वर इस्त्री फुकट! त्या दिवसापासून पिशवीत डब्याखाली रोज ओले कपडे. सोमवारी बनियन, मंगळवारी शर्ट, आणि बुधवारी चादर.

चादर दोन माणसांची होती. मळायची एकाच बाजूने, पण धुवावी अख्खी लागायची. ती तीन पॅनेलवर ऐसपैस बसायची. वारा आला तर उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर डब्याचं झाकण, एकावर डावी चप्पल, एकावर उजवी.

तुम्ही म्हणाल, एवढा हुशार माणूस, त्याच्या डोक्यात उजेड कसा पडला नाही? अहो, पॅनेल बसली तेव्हा इंजिनिअरबाईने दोन तास माहिती दिली होती. पण भाऊसाहेबांच्या हातात माहितीपुस्तिका होती आणि तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या सतरा चुका होत्या! त्या मोजण्यात दोन तास गेले. पॅनेल तापतं, तापलं की वीज होते, एवढंच त्यांना कळलं होतं. आणि कपड्याखाली पॅनेल गरमच लागायचं, हात लावून बघितलं होतं त्यांनी! मग कपडे वाळतात बिचारे, कोणाचं काय घेतात?

तपास सुरू झाला. पहिला संशय कबुतरांवर. भाऊसाहेबांनी फरशी पुसायच्या काठीला जुना रेनकोट चढवला, वर फुटकी बादली पालथी घातली आणि पॅनेलच्या रांगेत बुजगावणं उभं केलं.

दुपारी ते जेवायला वर आले आणि दचकलेच. समोर कोणीतरी उभं! मग ओळख पटली.

“या, बसा,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. बुजगावणं अर्थातच उभंच राहिलं. “तुमचं झालं का? मी आपला सुरू करतो.”

दोन वर्षांत पहिल्यांदा जेवताना समोर कोणीतरी होतं, आणि ते डब्यात डोकावत नव्हतं! भाऊसाहेबांनी त्याला बसमधल्या बाईची गोष्ट सांगितली. शर्टाचं तिसरं बटण कसं सारखं तुटतं, ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तर ते डबा खाण्यापेक्षा बोललेच जास्त.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअरबाई धापा टाकत आली. “आता दिवसभर खड्डे! सकाळी एक, संध्याकाळी एक. गच्चीवर हे कोणी उभं केलंय?”

“प्रतिबंधात्मक उपाय,” भाऊसाहेब म्हणाले.

“अहो, याचीच सावली पडतेय पॅनेलवर! काढा आधी ते.”

झालं! मामांनी बुजगावणं खांद्यावर टाकून खाली नेलं. भाऊसाहेब जिन्यापर्यंत पोहोचवायला गेले. मामांनी वळून बघितलं. “तुम्ही कुठे निघालात?”

“कुठे नाही. सांभाळून न्या. बादली सैल आहे.”

सावली म्हटल्यावर तरी कळायला हवं होतं की नाही? पण भाऊसाहेबांचा हिशेब सरळ होता. उभ्या वस्तूची सावली पडते. चादर कुठे उभी असते? ती तर पडूनच असते! तिची आणखी कसली सावली पडणार?

मग मॅडमनी पहारा बसवला. सोमवार, मंगळवार, बुधवार, एक ते दोन मामा गच्चीवर. भाऊसाहेब पिशवी घेऊन नेहमीसारखे पुढच्या दाराने बाहेर पडले आणि रस्त्यावर येऊन थबकले. जायचं कुठे? पहिल्या दिवशी ते बंद दुकानाच्या पायरीवर जेवले. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर. तिथे एका म्हातारीने विचारलं, “कोणती बस?” डबा संपायचा होता, म्हणून त्यांनी सांगितलं, “पुढची.” तीन बस गेल्या. दर वेळी म्हातारी त्यांच्याकडे बघायची आणि ते पुन्हा म्हणायचे, “पुढची.” बुधवारी चादर ओलीच घरी परत गेली आणि रात्री तशीच दमट अंथरावी लागली.

आणि पडद्यावर? तिन्ही दिवस डोंगर सलग, गुळगुळीत! एक खड्डा नाही.

गुरुवारी पहारा उठला. भाऊसाहेबांनी तीन दिवसांचं साठलेलं सगळं वर नेलं. चादर, तीन शर्ट, दोन टॉवेल, उशीचा अभ्रा. पॅनेलच्या पुढच्या रांगेत जणू दुकान मांडलं! मग वही उघडून त्यांनी तपासाची नोंद केली: “गुरुवार, एक दहा ते एक पन्नास. गच्चीवर चिटपाखरूही फिरकले नाही.”

त्या दिवशीचा खड्डा बघून मॅडम खुर्चीत बसल्याच. एवढा खोल की डोंगराचे दोन डोंगर झाले होते.

“पहारा असला की चोर येत नाही, नसला की येतो,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पहारा कधी आहे, हे चोराला माहीत आहे. चोर घरातलाच!”

“कुंपणच शेत खातंय!” टायपिस्टताई म्हणाल्या.

“गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?”

सगळ्यांच्या माना एकदम मामांकडे वळल्या. मामा स्टुलावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

“माझ्याकडे,” ते म्हणाले. “का?”

मामा चोर नाहीत हे जगात एकाच माणसाला खात्रीने ठाऊक होतं, कारण तो माणूस त्या वेळी गच्चीवर बसला होता! पण ते सांगायचं म्हणजे घरी जात नाही हे सांगायचं. मग टेबल, मग चमचे, मग पुन्हा ती नजर. भाऊसाहेबांनी समोरची फाईल उघडली आणि वाचायला घेतली.

“भाऊसाहेब,” मॅडम म्हणाल्या, “मामांना कारणे दाखवा नोटीस काढा. मसुदा तुमच्याइतका चांगला कोणाचा होत नाही.”

त्यांनी काढली. आयुष्यात इतकी मऊ नोटीस त्यांनी लिहिली नव्हती. ‘कृपया’ हा शब्द पाच वेळा आला. मामांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उलटसुलट केली आणि तासाभराने भाऊसाहेबांच्याच टेबलाशी येऊन उभे राहिले.

“याचं उत्तर लिहून द्या.”

“मी?”

“मग कोण? मला कुठे येतंय असलं लिहायला. लिहा, की मी काही केलेलं नाही. गुडघ्यामुळे तीन जिने चढायलाच मला नको वाटतं. सव्वीस वर्षं झाली मला इथे. लिहाल ना नीट?”

भाऊसाहेबांनी लिहिलं. म्हणजे नोटीसही त्यांचीच आणि उत्तरही त्यांचंच! उत्तर टेबलावरून निघालं, मॅडमकडे गेलं आणि ‘हेडक्लार्कचा अभिप्राय’ या शेऱ्यासाठी पुन्हा त्यांच्याच टेबलावर आलं. त्यांनी लिहिलं: “उत्तर प्रामाणिक वाटते.”

मॅडमनी बोलावून घेतलं. “वाटते? पुरावा काय?”

“पुरावा...” भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम आला. “मामांचा गुडघा, मॅडम.”

“गुडघा पुरावा होत नाही, भाऊसाहेब.”

आणि आला बुधवार. थोरले साहेब आले, इंजिनिअरबाई आली. मॅडमनी सकाळीच बजावलं, “आज जेवायला घरी जायचं नाही. तुम्ही तपास अधिकारी आहात.” पण सवयीने चादर तर पहाटेच धुऊन झाली होती! पिळली होती, पण घाईत, आणि दोन माणसांची चादर एका माणसाला नीट पिळता येत नाही. दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं.

एक वाजता सगळे हॉलमध्ये पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसले. दाखल्याच्या रांगेतली माणसंही रांग सोडून मागे उभी राहिली. मामांना मुद्दाम सगळ्यांसमोर, भिंतीजवळ उभं केलं होतं.

एक पाच. एक आठ. एक दहा! सगळ्यांनी श्वास रोखला. रेघ सरळ चालली. एक पंधरा. सरळ. एक वीस. सरळ.

“बघा,” थोरले साहेब म्हणाले. “शिपाई आपल्यासमोर उभा आहे आणि खड्डा पडला नाही. आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?”

“पण साहेब, हा करतो तरी काय वर?” मॅडमनी विचारलं.

“ते सांगते,” इंजिनिअरबाई उठली. “ही पॅनेल एका माळेत जोडलेली आहेत. समजा विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांगेत उभी आहेत आणि बादल्या हातोहात देताहेत. मधल्या एकानेच हात बांधून घेतले, तर पुढच्या सगळ्यांचे हात रिकामे! तसंच हे. पॅनेल गरम होऊन उपयोग नाही, त्याच्यावर उजेड पडायला हवा. एखादं जरी झाकलं तरी अख्खी माळ झोपते.”

“झाकलं म्हणजे कशाने?”

“कशानेही. पुठ्ठा, ताडपत्री. अहो, एखादा शर्ट टाकला तरी पुरे. चादर टाकली, तर विचारूच नका!”

भाऊसाहेबांचे कान एकदम गरम झाले. मग गार झाले. बनियन, शर्ट, आणि बुधवारी चादर. बुधवारी सगळ्यात खोल!

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. नुसता वळसा नाही, रोज दहा मिनिटांचा!

“या माणसाला लांबच्या गोदामावर पाठवा,” थोरले साहेब फाईल मिटत म्हणाले. “आणि दवाखान्याचं, शाळांचं काम तूर्त थांबवा. आपल्याच माणसांचा भरवसा नसेल, तर कशाला पाहिजेत ती पॅनेल?”

मामांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. नीट लिहिलं होतं ना?

“अहो, हे पाणी कुठून येतंय?” टायपिस्टताई अचानक ओरडल्या. त्यांनी पाय वर घेतले. फरशीवरून एक ओघळ मॅडमच्या खुर्चीखालून थेट थोरल्या साहेबांच्या बुटापर्यंत पोहोचला होता. दहा-बारा डोळे त्या ओघळाच्या उलट दिशेने निघाले आणि भाऊसाहेबांच्या पिशवीपाशी येऊन थांबले.

भाऊसाहेब उभे राहिले.

“साहेब, चोर सापडला.”

“कुठे आहे?”

“हा काय!” आणि त्यांनी पिशवीतून चादर ओढली. ओढतच राहिले. चादर संपेना! हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. टायपिस्टताई पडद्यापाशी थांबल्या, बाकी सगळी वरात गच्चीवर. भाऊसाहेबांनी चादर तीन पॅनेलवर पसरली, सवयीने एका कोपऱ्यावर डब्याचं झाकण ठेवलं, दुसऱ्यावर डावी चप्पल. उजवी ठेवेपर्यंत खालून टायपिस्टताईंचा आवाज आला, “पडला! पडला! खड्डा पडला!” रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी चादर उचलली. “चढला!” पुन्हा टाकली. “पडला!” थोरले साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच्या हाताने दोनदा टाकून बघितली.

“पण भाऊसाहेब,” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही तर घरी जायचात ना जेवायला?”

भाऊसाहेबांच्या अनवाणी पायांखाली फरशी भाजत होती.

“घरी जायला एक बस बदलावी लागते, मॅडम,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि तुम्ही सगळे माझ्या डब्यात वाढायचात.”

“मग? चांगलंच आहे की ते!”

“चांगलंच होतं,” ते म्हणाले. “तेच झेपत नव्हतं.”

इंजिनिअरबाईने केसांतली पेन्सिल काढून पुन्हा खोवली. मग ती सगळी माणसं एक एक करून जिना उतरली. मामा शेवटी राहिले. जिन्याच्या दारात थांबून त्यांनी विचारलं, “मी नव्हतो, हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“गुरुवारपासून.”

“आणि माझं उत्तर लिहिताना?”

“तेव्हाही.”

मामांनी मान हलवली. “अक्षर मात्र छान होतं,” ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून एक एक पायरी खाली गेले.

नोटीस रद्द झाली. दवाखान्याचं आणि शाळांचं काम सुरू झालं. वरून हुकूम आला, की सर्व सरकारी कार्यालयांसाठी एक परिपत्रक काढावं: ‘सौर पॅनेलवर कोणीही कपडे वाळत घालू नयेत.’ मसुदा अर्थातच भाऊसाहेबांनी केला. उत्कृष्ट झाला. तो वाचून चार ऑफिसांमधून खासगीत विचारणा आली, की खरंच अकरा मिनिटांत वाळतं का?

पण मामा बोलेनात. चहा आणून ठेवायचे, फाईल नेऊन द्यायचे, तोंडातून शब्द नाही. भाऊसाहेबांनी तीनदा माफी मागितली. तीनदा मामा तिथून उठून गेले. गच्चीची किल्ली आता मॅडमच्या कपाटात होती, त्यामुळे दुपारी भाऊसाहेबांना खालच्या खोलीशिवाय जागाच उरली नव्हती. ते टेबलाच्या टोकाशी बसायचे. आता त्यांच्या डब्यात कोणी वाढत नव्हतं. सगळ्यांनी तसं ठरवून टाकलं होतं. कोणी बघतही नव्हतं. आपापल्या डब्यात डोकं घालून चार माणसं अशी जेवायची, जणू पेपर लिहिताहेत. गच्चीवर निदान वारा तरी होता.

पाचव्या दिवशी त्या शांततेत टायपिस्टताईंनी घसा खाकरला.

“भाऊसाहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?”

आली, भाऊसाहेबांना वाटलं. ती नजर आली.

“विचारा.”

“त्या दिवशीची ती चादर. किती पांढरी होती हो! कसली पावडर वापरता?”

भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला. कसे आहात, झोप लागते का, काही लागलं तर सांगा, हे सगळं त्यांना दोन वर्षांत शंभरदा विचारून झालं होतं. ज्याचं उत्तर त्यांना खरोखर येतं, असं कोणी काही विचारलं नव्हतं.

“पावडरीवर नसतं ते, ताई,” ते सावकाश म्हणाले. “पाण्यावर असतं. आधी कोमट पाणी घ्यायचं. कोमट म्हणजे किती? तर आपला कोपर बुडवून बघायचा...”

आणि ते सुटले! भिजवणं किती वेळ, घासायचं कुठल्या दिशेने, कॉलरला वेगळं, बाहीला वेगळं. बनियनवर दहा मिनिटं. डबे संपले. टॉवेलवर सात मिनिटं. मॅडमनी घड्याळात बघितलं. टायपिस्टताईंच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसायला लागला. दोन वाजून गेले, बाहेर रांग लागली, आणि भाऊसाहेब उशीच्या अभ्र्याच्या शिवणीपर्यंत पोहोचले होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून मामांचा आवाज आला. पाच दिवसांतला पहिला.

“मॅडम, हात जोडतो. यांना गच्चीची किल्ली देऊन टाका!”

सगळे हसले. मॅडमही. भाऊसाहेबही हसले, त्यांना ठसका लागला, आणि मामांनी त्यांच्याकडे न बघताच पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

भाऊसाहेबांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि उठू लागलेल्या टायपिस्टताईंना हाताने थांबवलं.

“बसा, बसा, ताई. चादरीचं अजून राहिलंच आहे.”